वर वाफ, खाली बर्फ

"पुन्हा बंद पडली!" आस्लाक ओरडला.

सकाळपासून तिसऱ्यांदा! पुढे सव्वीस मैल नुसता बर्फ, मागच्या सीटवर घोंगड्यांत गुंडाळलेली त्याची चार वर्षांची बहीण सिग्ने. घटसर्प तिचा गळा आवळत चालला होता. प्रत्येक श्वास करवतीसारखा खरखरत होता. औषध फक्त शहरातल्या डॉक्टरांकडे होतं. बाबा लांब जंगलतोडीच्या कामावर आणि आई तान्ह्यापाशी अडकलेली, म्हणून गाडी गुल्ब्रांडमामाच्या हाती.

"थंडीच भयंकर आहे यंदा," मामा म्हणाला. "पलीकडच्या मळ्यातून पाणी आणतो. कुणी कशालाही हात लावू नका!"

बादली घेऊन तो निघून गेला.

त्याच्या तेरा वर्षांच्या बहिणीने, थोराने, हातमोजा काढून रेडिएटर चाचपला. टोपणातून वाफ फुसफुसत होती, खालची नळी मात्र दगडासारखी गोठलेली!

"आस्लाक, बाबांनी यात स्पिरिट घालायला सांगितलं होतं ना? स्पिरिट घातलेलं पाणी या थंडीत असं गोठत नाही."

"मामा म्हणाला, घातलंय."

"मामा तर म्हणतो, मी दाढीही रोज करतो!"

दोघांनी गाडीतलं सगळं सामान उपसलं. मागच्या सीटखाली, पोत्यात गुंडाळलेला स्पिरिटचा डबा! भरलेला!

थोराने इंग्रजी लेबल वाचलं आणि तिचा चेहरा पांढरा पडला. पण बोलायला वेळ नव्हता. सिग्नेच्या पायाशी निखाऱ्यांची पेटी होती. ती त्यांनी नळीखाली धरली. बर्फ सुटला, मग खालची तोटी उघडून त्यांनी निम्मं पाणी सोडून दिलं.

"आता पेटी लांब ठेव! अजून लांब! हे भडकतं!"

थोराने डब्यातला शेवटचा थेंब रेडिएटरमध्ये ओतेपर्यंत मामा परतला.

"माझा डबा! अगं करंटे, नाताळला पाहुणे यायचेत! राज्यात दारूबंदी, घोटभरही मिळत नाही. घरी आलेल्याला काय कोरडाच परत पाठवू?"

"म्हणून सिग्नेला मारायला निघालास?"

"जिभेला आवर घाल!"

"वाच, काय लिहिलंय ते!" तिने रिकामा डबा त्याच्यापुढे धरला.

मामाने नजर चुकवली. मायदेश सोडून बारा वर्षं या देशात राहूनही त्याला इंग्रजीचं अक्षर वाचता येत नव्हतं, आणि विचारण्यात कमीपणा वाटायचा.

"मग मी वाचते. लाकडाचं स्पिरिट. विष. प्यायल्यास आंधळेपण किंवा मृत्यू."

मामाच्या हातातली बादली कलंडली.

"चाखलंस का?" आस्लाकने घाबरून विचारलं.

"नाही रे... नाताळलाच उघडणार होतो." मग त्याने इंजिन फिरवायचं पुढचं हँडल धरलं. चौथ्या हिसक्याला इंजिन धडधडलं. नंतर गाडी कुठेच थांबली नाही.

"आणखी तासभर उशीर, तर मी काहीच करू शकलो नसतो," संध्याकाळी सुई टोचून डॉक्टर म्हणाले.

दुसऱ्या दिवशी दुपारी सिग्नेने पाणी मागितलं. सगळी हकीकत ऐकून डॉक्टरांनी दोघांच्या पाठी थोपटल्या. "मोठ्यांना सुचलं नाही ते तुम्ही केलंत!"

"भाची कुणाची!" मामाही पुढे सरसावला.

थोराने खांद्यावरचा त्याचा हात काढला.

"कौतुक नको, मामा. घरी गेल्यावर आईला सगळं तू सांगायचंस. तुझ्या तोंडाने. मी शेजारी उभी राहीन."

मामाने मान खाली घातली. "सांगेन," तो म्हणाला.