खाणीतला तिसरा बार

दिवा राहू दे तसाच. आणि हसायचं असेल तर आत्ताच हसून घ्या. ही गोष्ट माझ्या साडूंची. बंदुका दुरुस्त करतात ते. जेवणाचा विषय सोडला तर हा माणूस खोटं बोलत नाही.

गेल्या डिसेंबरातला दुसरा शनिवार. दुकान बंद करायच्या वेळी धाकटा आपली बंदूक न्यायला आला. त्याला सगळे धाकटाच म्हणतात. बंदूक चकमकीची, ठासणीची. नळीच्या तोंडातून दारू ओतायची, वर गोळी ठासायची, बाहेर बारीक भोकाशी रंजक, म्हणजे चिमूटभर बारीक दारू, ठेवायची. चाप ओढला की गारगोटी पोलादावर आपटते, ठिणगीनं रंजक पेटते, आणि मग आत बार होतो.

थोरल्या भावानं त्याला हीच बंदूक शिकवली होती, जुन्या दगडखाणीत. भावाचा दंडक असा, की भरताना बोलायचं नाही. आणि रंजक पेटूनही बार झाला नाही, तर भावानं 'उतरव' म्हणेपर्यंत नळी समोरच ठेवायची. आतली दारू कधीकधी उशिरा पेट घेते. एकदा तसंच झालं. धाकटा बंदुकीसकट मागे वळला, "दादा, फुसका निघाला!" म्हणाला, आणि तेवढ्यात बार झाला. थोरला जागच्या जागी गेला.

वहिनीनं एकच विचारलं, "भाऊजी, चूक तुमची की बंदुकीची?"

"बंदुकीची," तो म्हणाला. "दुरुस्तीवाल्यानं नीट लावून दिली नव्हती."

झालं! साडूंच्या दुकानाकडे कुणी फिरकेना. चोर सोडून संन्याशाला फाशी, दुसरं काय? चौकशी संपल्यावर साडूंनी बंदूक तपासायला मागून घेतली होती. त्या शनिवारी त्यांनी ती धाकट्यापुढे आपटलीच. "दोष नाही हिच्यात. चल खाणीत, उडवून बघ."

धाकट्यालाही तेच हवं होतं. बार एकदा तरी उशिरा व्हावा, म्हणजे वहिनीला तोंड दाखवता येईल. बिचाऱ्याचा सगळा जीव त्या एका गोष्टीत अडकला होता.

कोरी फळी उभी केली. गाडीचे दिवे तिच्यावर सोडले. पहिला बार झटकन झाला. दुसराही.

साडूंनी तोंड सोडलं. "बघ! भाऊ तू मारलास आणि नाव माझं घालवलंस!"

धाकटा भरता भरता भांडत होता. गोळी ठासली. नेम धरला. चाप ओढला.

रंजक भपकन पेटली. बार... नाही.

साडूंचं लक्ष बॉनेटकडे गेलं. दारूचं माप तिथंच होतं. भरलेलं. रागाच्या भरात पठ्ठ्या दारू घालायलाच विसरला होता.

"बघितलंत? बंदूकच..." धाकटा आनंदानं वळायला लागला.

अर्धा वळला. थांबला.

त्याचा डावा खांदा दबला. कुणीतरी धरल्यासारखा. साडू तर चार हात लांब उभे...

नळी हळूहळू फळीकडे फिरली. धाकटा रडत होता.

शांतता.

आणि बार झाला.

खाण दणाणली. धाकटा बंदूक खाली घेईना. "दादा अजून उतरव म्हणाला नाही..." एवढंच पुटपुटत होता. शेवटी साडूंनी त्याची बोटं एकेक करून सोडवली.

दुसऱ्या दिवशी त्यानं वहिनीला खरं काय ते सांगितलं. तिनं सगळं ऐकून घेतलं आणि दार लावलं. ते त्याला अजून बंदच आहे. साडूंची गिऱ्हाइकंही परत आली नाहीत. बदनामी गावभर होते रे, खरं मात्र दोन घरांपलीकडे जात नाही.

बंदूक धुवायला म्हणून साडूंनी नळीत गज घातला. तो तळाला टेकेना. ओढून काढलं, तर तिसरी गोळी आतच होती. कोरडी, चिंधीत गुंडाळलेली, घातली तशीच.

साडू तसेच उठून खाणीत गेले. फळी अजून उभी होती. तिच्यात भोकं तीन होती.