तेरावर थांबलेला भागाकार

आकाशपाळणा थांबला तेव्हा कुठे चिमणीने डोळे उघडले. चाचणीची फेरी संपली होती, तरी तिची बोटं दांडीवरून सुटेनात. दादा शीळ घालत उतरला. तिच्या कानात मात्र तो आवाज घुमत होता. खट्... थोड्या वेळाने पुन्हा खट्.

सुट्टीत दोघं भावंडं मामाकडे आली होती. पाळण्याच्या यंत्रांची देखभाल मामाकडे होती. आज एका शाळेची मुलं पाळण्यात बसणार होती आणि ती आत्ताच फाटकापाशी गलका करत होती.

आवाजाचं विचारलं, तर मामाने हसण्यावारी नेलं. मोटरच्या चाकाला सतरा दात आहेत, त्यातल्या एकाचा टवका उडालाय, एवढंच. पाळण्याच्या मोठ्या कड्याला एक हजार तीन दात. ती मूळ संख्या, कशानेच भाग न जाणारी. म्हणून तो खराब दात प्रत्येक फेरीत वेगळ्याच दातांवर आपटतो आणि मार सगळ्यांत वाटला जातो. जुनं कडं एक हजार नऊचं होतं, तीही मूळ संख्याच. "सात, अकरा, तेरा, सगळ्यांनी भागून बघितलंय मी," म्हणत तो फोनवर बोलायला गेला.

चिमणी कठड्यावरून वाकली. कड्याचे दात ग्रीसने काळे झालेले. मध्येच एक चकचकीत, घासून निघालेला. मग सोळा काळे, पुन्हा एक चकचकीत. पुढेही तसंच. मार वाटला जात नव्हता. ठरावीक दातच मार खात होते, आणि समोरच्याच्या मुळाशी केसाएवढी चीर गेली होती.

"दादा, सतराने भाग."

दादाने धुळीत बोटाने एक हजार तीनचा भागाकार मांडला. एकोणसाठ वेळा भाग गेला, बाकी शून्य. त्याचा चेहराच उतरला.

दोघं मामाकडे धावली. त्याने फोनवरूनच हाताने हुसकावलं. तेवढ्यात फाटक उघडलं आणि मुलं रांगेत आत येऊ लागली. भरलेल्या पाळण्याचा दात तुटला तर? दादा पाळणा चालवणाऱ्या बाईंना सांगायला गेला, पण कर्ण्याच्या आवाजात त्याचं कोण ऐकणार!

एक गोष्ट चिमणीला माहीत होती. पाळण्याच्या एका जरी डब्याचं दार उघडं असलं की मोटर सुरू होत नाही. पण त्यासाठी पुन्हा त्या डब्यात जायला हवं होतं. तरी ती गेली, उंबऱ्यावर बसली आणि दाराला पाठ लावली.

मामा तणतणत आला. "ऊठ. तमाशा करू नकोस."

चिमणीला रडू फुटलं, पण ती हलली नाही. "मामा, तू सतराने भागलंस का?"

मामाचे ओठ हिशेब करत हलले आणि थांबले. तो हातोडी घेऊन कड्यापाशी वाकला. चीर गेलेल्या दातावर त्याने हलकेच ठोकलं. दुसऱ्या टोल्याला दात खाली पत्र्यावर खणकन पडला.



मामाने स्वतः कर्णा हातात घेतला. पाळणा आज बंद, चूक माझी, आणि ती या दोघांनी पकडली, असं त्याने सगळ्यांसमोर सांगितलं. मुलांबरोबर आलेल्या शाळेच्या बाईंनी दादाची पाठ थोपटली. मग डब्याशी येऊन त्या चिमणीला म्हणाल्या, "एवढी घाबरली होतीस, तरी बसून राहिलीस. शाब्बास, पोरी."

मामाने दोन्ही हात पुढे केले. चिमणीने त्याच्या गळ्यात हात टाकले आणि त्याने तिला उचलून जमिनीवर उतरवलं.