आवाजाच्या टेबलापाशी

मी शिडीवरून तीनदा म्हटलं, जरा शिडी धरता का? खाली वायरींचा गुंता सोडवत बसलेल्या माणसाने मान वर केली नाही. शेवटी माझ्या हातातली मोजपट्टी सुटली आणि थेट त्याच्या डोक्यावर पडली. तेव्हा कुठे त्याने वर पाहिलं... आणि हसला. मला राग यायला हवा होता. तो आला नाही, याचाच राग आला.

बाहेर पाऊस पिरपिरत होता. आत ओल्या भिंतींचा आणि जुन्या लाकडाचा वास. पूर्वीचं गोदाम ते. आता आमच्या गावातलं गाण्याबजावण्याचं एकुलतं एक सभागृह. पगारी माणूस एकही नव्हता. दारावर पोस्टातल्या बाई उभ्या राहत, दातांचे डॉक्टर खुर्च्या मांडत आणि माईक-स्पीकर जोडलेलं आवाजाचं टेबल हा वायरीवाला सांभाळायचा. दिवसा लिफ्ट दुरुस्त करायचा. पावलांचा आवाज न करता कुठूनही उगवायचा, म्हणून सगळे त्याला बोका म्हणत.

मी तिथे गेले ती मावशीमुळे. माझं ठरलेलं लग्न मोडलं होतं आणि मी तिच्या शिवणाच्या दुकानात, मागच्या खोलीत, तोंड लपवून बसायचे. शेजारच्या इमारतीने सभागृहाविरुद्ध तक्रार केली होती. यापुढे आवाज बाहेर आला, तर दाराला टाळं लागणार होतं. खिडक्यांना जाड, दुहेरी पडदे हवे होते. मावशीने डॉक्टरांना सांगून टाकलं, माझ्याकडे एक पोरगी आहे. रडत शिवेल, पण सरळ शिवेल.

रोज संध्याकाळी मी रंगमंचाच्या कडेला कापड पसरून बसू लागले. तो शेजारी येऊन वायरी जोडत बसायचा. मी कुठेही बसले तरी वळसा घालून यायचा आणि मला उजव्या हाताला घेऊनच बसायचा. कधी मी काही विचारलं तर ढिम्म. शिष्ट आहे मेला, असं वाटायचं. मग थोड्या वेळाने चहाचा कप यायचा, त्याचा कान माझ्या बाजूला वळवलेला. मी बोलताना तो माझ्या ओठांकडे पाहायचा. कुठल्याही मुलीला जे वाटेल, तेच मला वाटलं.

एकदा न राहवून विचारलं, "असं टक लावून काय बघता?"

"तुम्ही बोलता ते."

"बोलणं कधी बघतात का?"

"तुमचं..." तो वायरीशी चाळा करत म्हणाला, "बघावंसं वाटतं."

त्या दिवशीची शिवण तेवढी वाकडी आली. मावशीने ती निमूटपणे उसवली आणि माझ्याकडे नुसतं पाहिलं.

पडदे लागले. पहिला कार्यक्रम एका तरुण गायिकेचा होता. दुसऱ्याच गाण्यात माईक शिट्टी मारू लागला – बारीक, कानात सुई घालावी तशी. लोकांनी कानांवर हात ठेवले. शिट्टी थांबेना. तो मात्र टेबलामागे शांत बसला होता, बोटांनी ठेका धरून. गायिका गाणं सोडून मागे सरली, तेव्हा त्याने एकेक चेहरा पाहिला. शेवटी माझा. त्याचा चेहरा उतरत गेला. टेबल बंद करून तो बाजूच्या दाराने निघून गेला.

दुसऱ्या दिवशी शेजाऱ्यांचा निरोप आला – शिट्टी बाहेरपर्यंत ऐकू आली, आता फक्त एक संधी. मी तडक त्याला शोधत गेले. एका इस्पितळात तळमजल्यावर तो लिफ्टचं दार उघडून बसला होता. त्याने सगळं सांगितलं, माझ्याकडे न बघता. डावा कान लहानपणीच्या तापात गेला होता. आता उजवाही चालला होता. बारीक सूर आधी जातात, मग माणसांची बोलणी. कानाच्या डॉक्टरांनी आशा दाखवली नव्हती. गायिकेची माफी मागून आला होता. टेबलाची किल्ली त्याने माझ्या हातात ठेवली.

"पुढेमागे तुमचाही आवाज जाईल," तो म्हणाला. "म्हणून मी काही... बोललो नाही."

माझे ओठ दिसतील अशी मी त्याच्यासमोर बसले. "माझं लग्न ज्याने मोडलं ना, त्याचे दोन्ही कान शाबूत होते. माझं एक अक्षर त्याला कधी ऐकू आलं नाही."

मी किल्ली परत दिली.

शेवटच्या संधीच्या दिवशी आम्ही दोघं टेबलापाशी बसलो. हात त्याचे, कान माझे. आवाज चढला की मी त्याचं मनगट दाबायचे, बारीक सूर टोचू लागला की बोटाने दाखवायचे. त्याच्या कपाळावर घाम होता. शेजारचे दोघे गृहस्थ छत्री घेऊन बाहेर रस्त्यावर कान देऊन उभे होते. मध्यंतरात पोस्टातल्या बाई आत येऊन म्हणाल्या, गेले घरी. कुरकुरत गेले, पण गेले.

शेवटचं गाणं संपलं. सूर विरला आणि टाळ्या सुरू होण्याआधी असते ती शांतता पसरली. तो माझ्याकडे झुकला. त्याला कुजबुजायचं होतं... पण स्वतःच्या आवाजाचा अंदाज आता त्याला कुठे येत होता!

"मला तू आवडतेस. फार. पण नीट विचार कर, पुढे सगळं अवघड आहे."

सगळ्या माना मागे वळल्या. डॉक्टर हातातली खुर्ची तशीच धरून उभे राहिले. मावशीने पदर डोळ्यांना लावला. माझे कान तापले.

त्याला काहीच कळलं नव्हतं. तो भेदरून फक्त माझ्या चेहऱ्याकडे पाहत होता. मी त्याचा हात धरला आणि होकारार्थी मान हलवली. मग टाळ्या सुरू झाल्या. तेव्हा त्याने सभोवार पाहिलं आणि त्याच्या लक्षात आलं.

"आवाज फार मोठा झाला?" त्याने विचारलं.

"हो."

"कमी करू?"

"नको," मी म्हटलं.