भिंतीतला चुना

चंद्रावरच्या त्या वसाहतीत मुले आठ, खिडक्या तीन आणि खेळायचे अंगण एक. साखळीच्या खेळात मात्र सातच मुले हात धरून धावत. आठवी, शाल्मली, मधल्या खिडकीपाशी बसून खाजवत असे. टिपण नावाच्या यंत्रमानवाने मोजले होते : तासाला बावन्न वेळा.

तिच्या मनगटांवर आणि कोपरांच्या आतल्या बाजूला लाल चट्टे होते. "आधी हात धुऊन ये," असे साखळीतला तन्वीर एकदा म्हणाला होता. तेव्हापासून आजीने पृथ्वीवरून पाठवलेले दिवाळीचे उटणे घासून ती रोज तीनदा कढत पाण्याने अंघोळ करी. तरी चट्टे वाढतच होते.

"टिपण, मी इतकी स्वच्छ राहते. मग असं का?"

"म्हणूनच. त्वचा ही विटांची भिंत समज. विटा म्हणजे पेशी (शरीराचे सूक्ष्म जिवंत घटक). मधला चुना म्हणजे स्निग्ध पदार्थ (तेलकट थर). तुझ्या भिंतीत चुना जन्मतःच कमी आहे. उरलेला तू धुऊन टाकतेस."

"मग?"

"फटींतून पाणी उडून जातं, धूळ आत शिरते. आतल्या पहारेकरी पेशी आरडाओरडा करतात. तीच खाज. तू खाजवलंस की विटा निखळतात. फटी वाढतात, खाजही वाढते."

"तुझं बरंय. पत्र्याचं अंग!"

"माझा गंज तू पाहिला नाहीस."

डॉक्टर साळवेबाईंनी तपासून नाव सांगितले : इसब (खाज आणणारा त्वचाविकार). चट्ट्यांवर औषधी मलम, कोमट पाण्याने पाच मिनिटांची अंघोळ, अंग ओलसर असतानाच दाट क्रीम आणि आखूड नखे.

"अधूनमधून डोकं वर काढेल हं हा," त्या म्हणाल्या. "पण ताब्यात राहील."

उटण्याचा डबा शाल्मली आता नुसता उघडून हुंगत असे.

तीन आठवड्यांनी टिपणची मोजणी झाली : तासाला अकरा. तरीही ती खिडकीपाशीच होती. खेळायला कोणी बोलावले नव्हते.

एका सकाळी ती उठली आणि तन्वीरसमोर उभी राहिली.

"हा पसरत नाही. फटी माझ्या भिंतीत आहेत, तुझ्या नाहीत."

"टिपण, खरंच?"

"खरंच. हात धरून इसब होत नाही."

तन्वीरने तिच्या मनगटाकडे पाहिले. "क्रीमने हात निसटेल."

"मग घट्ट धर."

टिपणने नोंद केली. साखळीत मुले : आठ. हात धरलेला वेळ : चार मिनिटे दहा सेकंद. त्या वेळात खाजवणे : शून्य.