बळीरामचा लाल टॅग

आम्रपालीला कॉम्प्युटरवर लिनक्स प्रणाली आवडायची ती एकाच कारणासाठी. काय बिघडलंय ते तोंडावर सांगतं, गुळमुळीत बोलत नाही. त्या दुपारीही कॉम्प्युटरने सरळ सांगितलं: केबल जोडलेली नाही. केबल तर तिच्या डोळ्यांसमोर जोडलेली होती.

मुलाखतीला तासभर उरला होता. कॅम्प-एक वस्तीच्या दाटीत मोबाइलचं नेट धड चेहराही दाखवत नसे, म्हणून समोरच्या खोलीतल्या राउटरपासून मागच्या खोलीपर्यंत तार होती. बाबांनी, म्हणजे बळीरामने, ती स्वतः माळ्यावरून ओढलेली. ही नोकरी लागली तर आईचं शिवणकाम सुटणार होतं. पंचफुलाला आता सुईचं नेढं दिसेनासं झालं होतं, तरी ती मशीनवर बसायची आणि ते पाहून आम्रपालीचा जीव तुटायचा.

तिने नेटवर्क बंद करून पुन्हा सुरू केलं. नेटवर्क कार्डाचा ड्रायव्हर पाहिला, ठीक होता. तारेची पिन बदलली. मग सिस्टिमच्या नोंदींचा लॉग उघडला आणि जरा थबकली. लिंक येत होती, जात होती, पुन्हा येत होती. वर माळ्यावर कुणी तारा जुळवून बघत असावं तशी.

"उंदीर," ती स्वतःशीच म्हणाली आणि राउटर बघायला गेली.

राउटरचं बटण बंद होतं. त्याला सुतळीने लाल टॅग बांधलेला. 'माणूस कामावर आहे.' खाली बळीरामचं नाव.

राउटरच बंद, मग लिंक येत होती कुठून?

बळीराम रसमड्याच्या एका कारखान्यात इलेक्ट्रिशियन होता. लाइनवर चढण्याआधी मेन स्विचला आपला टॅग बांधायचा आणि ज्याने बांधला त्यानेच सोडायचा, हा तिथला नियम. घरचा पंखा दुरुस्त करतानाही तो टॅग बांधी, पंचफुला खाली शिडी धरून उभी राही, आणि मायलेकी त्याची थट्टा करत. गेल्या वर्षी कारखान्यात बळीराम वर असताना कुणीतरी त्याचा टॅग काढला आणि बटण दाबलं. त्याला घरी आणलं तेव्हा पंचफुला रडली नाही. येणाऱ्या प्रत्येकाला एकच विचारत राहिली, टॅग कोणी काढला.

"आई, राउटरले टॅग तू बांधला का?"

स्वयंपाकघरात पंचफुला कणीक मळत होती. तिने मान वर केली नाही. "मी कावून बांधू? बाबाचा टॅग तं मी त्यायच्या खिशात ठेवला होता. त्यायच्यासंगच गेला."

आम्रपालीने वळून समोरच्या खोलीकडे पाहिलं. पण घड्याळ थांबायला तयार नव्हतं. ती परत राउटरपाशी आली.

"मले इंटरव्ह्यू आहे, बाबा," ती हळूच म्हणाली. तिने गाठ सोडली, टॅग मुठीत घेतला आणि बटण दाबलं.

माळ्यावर काहीतरी घसटलं. हिरवा दिवा लागला.

मुलाखत छान झाली. चित्र एकदाही अडकलं नाही. "सोमवार से आ जाइए," पलीकडच्या बाई हसून म्हणाल्या. त्यांचा चेहरा पडद्यावरून गेला आणि तिथे तेच वाक्य आलं. केबल जोडलेली नाही.

तिने शिडी लावली.

माळ्यावर जळकट वास होता. तार मध्येच तुटलेली. दोन्ही टोकं एकमेकांपासून हातभर लांब पडली होती. त्यांची साल नीट सोललेली, आतल्या तारा रंगाप्रमाणे वेगळ्या काढून बळीराम वळायचा तशाच वळलेल्या. जोडायचं तेवढं राहिलं होतं.

सगळीकडे धूळ होती. दोन टोकांच्या मधे तेवढे दोन गुडघ्यांचे ठसे.

शिडी थोडी हलली, मग स्थिर झाली. खाली पंचफुला दोन्ही हातांनी ती धरून उभी होती.

"टॅग कोनं काढला?" तिने विचारलं.