येते हं, काका

ही गोष्ट खरी आहे. माझी मावसबहीण सावनी अमेरिकेत श्रूजबरीला राहते, तिच्या बाबतीत गेल्या मार्चमध्ये घडलेली. पटली नाही तर सोडून द्या, पण हसू नका.

तिच्या नवऱ्याचं, केदारचं, ऑफिसात सॉफ्टवेअरचं रिलीज होतं. म्हणून सावनी सहा वर्षांच्या लेकीला, अनिकाला घेऊन एकटीच फ्लोरिडाला गेली. समुद्राकाठचं, तटबंदीचं एक जुनं शहर. नाव सांगत नाही.

तिथल्या किल्ल्यात एक कोठडी आहे. साखर आणि मसाल्याच्या व्यापारापायी गोरे एकमेकांची जहाजं लुटत, तेव्हाचे कैदी तिथे डांबलेले असत. गाइड म्हणाला, त्यात एक खलाशी हिंदुस्थानातला होता. त्याची भाषा तिथे कुणालाच येत नव्हती.

सगळे बाहेर पडले. अनिका मात्र दारात थांबली, आत वळून म्हणाली, "येते हं, काका."

निघताना 'जाते' म्हणायचं नाही, 'येते' म्हणायचं, हे सावनीनेच घोटून घेतलेलं. पोरीला तेवढंच धड मराठी यायचं.

पण आत कुणीच नव्हतं...

आणि तरी उत्तर आलं. घोगरं, हळू.

"ये..."

सावनीनेही ते ऐकलं.

हॉटेलवर अनिका जेवेना. अंग तापलेलं, तरी बूट घालून दाराशी उभी.

"आय प्रॉमिस्ड काका, मम्मा. ही इज वेटिंग."

सावनीची पाचावर धारण बसली. दुसऱ्या दिवशी सकाळीच ती लेकीला घेऊन परत किल्ल्यात गेली. दिलेला शब्द मागे घ्यायला.

कोठडी रिकामीच होती. सावनीने उंबऱ्याबाहेरच पाय रोवले.

"अनू, जाते म्हण."

"यू सेड नेव्हर से दॅट."

"आज म्हण गं, बाळा."

"जाते, काका."

बाहेरच्या लाटाही ऐकू येईनात.

मग अगदी कानाशी...

"बरं. मग मीच येतो."

सावनी लेकीला उचलून पळत सुटली. तिला मागच्या सीटवर बसवलं, बेल्ट लावला, गाडी सुरू केली.

टिंग... टिंग... टिंग...

शेजारच्या सीटचा बेल्ट लावा, असं गाडी सांगत होती. त्या सीटवर साधी पर्सही नव्हती.

मागून अनिका म्हणाली, "मम्मा, हेल्प काका. ही डझन्ट नो हाऊ."

सावनीने तो बेल्ट लावला. दुसरं काय करणार होती बिचारी?

टिंग टिंग थांबलं. अनिकाचा ताप तिथल्या तिथे उतरला.

सावनी मला सारखी बोलावतेय. माझं मात्र तिकीट काढायचं धाडस होत नाही.

कारण हल्ली केदार सकाळी "येतो गं" म्हणून निघतो, तेव्हा "ये" म्हणायला सावनीला तोंड उघडावं लागत नाही.