संध्याकाळची तफावत

"याचा प्लग कोणी काढला?"

"मी. रोजच काढते."

सिरसाळ्याच्या दूध संस्थेच्या गच्चीवर सुग्रीवनं उपग्रहांचे संदेश टिपणारं यंत्र बसवलं होतं. रोज संध्याकाळी त्याची नोंद तुटायची, म्हणून तो विद्यापीठातून धावत आला होता. खाली सत्यभामा दुधाचं फॅट मोजत होती. बोर्डाला सॉकेट एकच – आणि तिथं तिचं मशीन.

"तुमच्या आभाळापाई माझं काम थांबवू का? आधीच दुष्काळ. लोक लिटरभर दूध आणतेत."

तो हसला... दुसऱ्या दिवशी नवा बोर्ड घेऊन आला. बोर्ड एकदाच लावायचा होता. पण तो महिनाभर येत राहिला.

दूध घालून लोक गेले, की दोघं लॅपटॉपसमोर बसत. पडद्यावर दोन रेघा असत.

"फार उंचावर हवेत विजेचे कण असतात. ते किती असावेत, हा मॉडेलचा अंदाज. आणि ही उपग्रहांवरून केलेली मोजणी."

"दिसभर तर जोडीनं चालतेत की!"

"हो. पण दिवस मावळला की विषुववृत्तावरून वर चढलेले कण आपल्याकडं उतरतात. मॉडेल तेव्हा कमीच सांगतं."

"मंजी अंदाज लई भित्रा हाय तुमचा," ती त्याच्याकडं बघत म्हणाली.

तो उगाच वायर नीट करू लागला.

चैत्रातल्या एका संध्याकाळी ती गच्चीवर आली. कठड्याला टेकली. "मांजरसुंब्याचं स्थळ आलंय... काय कळवू?"

त्याच्या ओठांवर आलं होतं... पण शिष्यवृत्ती संपत आलेली, नोकरीचा पत्ता नाही. ही कशाला हो म्हणेल?

"घरचे बघतील ते चांगलंच असेल," तो म्हणाला.

"बरं," म्हणून ती जिना उतरली. ओढणीला ताज्या दुधाचा वास होता.

काम संपलं. यंत्र घेऊन तो परत गेला. तिथं काही दिवस कसेबसे काढले आणि एका संध्याकाळी त्यानं फोन लावला.

"सत्यभामा, त्या स्थळाला नाही म्हण. मी... मी आहे ना."

पलीकडं दुधाचे कॅन वाजत होते.

"सुपारी फुटली, साहेब. परवाच."

"मला वाटलं, तू मला नाहीच म्हणशील."

"आवो, स्थळ आलंय, काय कळवू – असं कोणी परक्याला इचारतं का?"

तेवढ्यात तिकडं तिला कुणीतरी हाक मारली.

"येते," ती म्हणाली.

कुणाला म्हणाली, ते त्याला कळलं नाही.